ऋणाची शिस्त

बंगळूरच्या आग्नेयेस वसलेले कोरमंगला आज महाराष्ट्रातील हजारो घरांत नावाने परिचित आहे. ही ओळख तेथील एखाद्या देवस्थानामुळे किंवा ऐतिहासिक वास्तूमुळे झालेली नाही. पुण्या-नागपुरात, सांगली-लातुरात शिकून तयार झालेली मुले-मुली नोकरीनिमित्त तेथल्या एखाद्या ‘पीजी’त बिऱ्हाड करतात आणि रविवारी घरी फोन करून खुशाली कळवितात, एवढेच तिचे कारण आहे. फ्लिपकार्ट या व्यापारी संस्थेचा प्रारंभ 2007 साली याच वस्तीतील एका सदनिकेत झाला, आणि त्यानंतर नवउद्योगांचे माहेरघर असा या भागाचा लौकिक झाला. अशा ठिकाणी ‘समाजाचे ऋण फेडणे’ हा शब्दप्रयोग कानी पडतो तो बहुधा यशस्वी उद्योजकाच्या सत्कारसमारंभात. भरपूर मिळविल्यानंतर, उतारवयाच्या थोडे अलीकडे, सवडीने करावयाचे एक सत्कृत्य, असाच त्याचा अर्थ तेथे गृहीत धरलेला असतो.

परंतु याच कोरमंगल्यात, सर्जापूर रस्त्याच्या कडेस, या नव्या लौकिकाच्या कितीतरी आधीपासून नांदत असलेले एक विद्याकुल आहे, आणि तेथे या शब्दप्रयोगाचा अर्थ निराळा लावला जातो. 1963 साली स्थापन झालेले सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालय, त्याला जोडलेले हजाराहून अधिक खाटांचे रुग्णालय, परिचारिकांचे शिक्षण देणारे महाविद्यालय, वसतिगृहे, भोजनगृहे, क्रीडांगणे आणि प्रार्थनामंदिर असा हा शंभर एकरांहून विस्तीर्ण परिसर आहे. भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने चालविलेल्या या संस्थेत प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याला पदवी पदरात पडण्यापूर्वीच हे ठाऊक असते, की पदवीनंतरची ठरलेली मुदत त्याला ग्रामीण किंवा दुर्गम भागातील एखाद्या रुग्णालयात सेवा करून भरून द्यावयाची आहे. परतफेड तेथे सवडीची बाब राहत नाही. ती करारनाम्यात येते.

विद्यापीठाचे अथवा महाविद्यालयाचे धुरीणत्व करणारी व्यक्ती आपल्या आवारातील समूहजीवनाकडे आणि त्यातून समाजाकडे परत जाणाऱ्या सेवेकडे कोणत्या दृष्टीने पाहते, हा या पुस्तकाचा विषय आहे. वाचकाला या विषयाच्या उंबरठ्यापर्यंत आणून सोडणे, हे प्रस्तावनाकाराचे काम. ते करताना माझे एक मत मी आरंभीच नोंदवून ठेवतो, म्हणजे पुढचे सारे विवेचन कोणत्या रोखाने चालले आहे याविषयी संदेह राहणार नाही. कृतज्ञता ही मुळात भावना आहे आणि ती उत्पन्न झाली म्हणजे सेवा आपोआप घडेल, असे बहुतेक दीक्षान्त भाषणांत सांगितले जाते. आपल्याकडील ज्या शिक्षणसंस्थांनी समाजाला खरोखरच काही परत दिले, त्यांचा इतिहास मात्र याच्या नेमका उलट क्रम दाखवितो. त्यांनी आधी नियम केला, तो दिनचर्येत उतरविला, तो मुलांच्या अंगवळणी पाडला, आणि भावना मागाहून आली.

याचा पहिला ठळक पुरावा पुण्यात सापडतो. 1884 साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि 1885 साली फर्ग्युसन महाविद्यालय उघडले, तेव्हा आजीव सभासद होणाऱ्या अध्यापकाने वीस वर्षे दरमहा पंचाहत्तर रुपयांच्या आसपासच्या वेतनावर काम करावे, असा शिरस्ता घालण्यात आला. सरकारी नोकरीत याच विद्वत्तेला याच्या कित्येक पट मोबदला मिळत असताना गोपाळ कृष्ण गोखल्यांसारख्या पुरुषाने ही मुदत पुरी केली, यात त्यांच्या थोरवीचा भाग आहेच. पण थोरवीला उभे राहावयास मुदत, वेतन आणि प्रतिज्ञा यांची चौकट आधी सिद्ध होती, हेही विसरता येत नाही. ही चौकट किती कडक असावी यावरूनच पुढे मतभेद विकोपाला गेले. सभासदाने आपला सर्व वेळ संस्थेला द्यावा, बाहेरची प्राप्ती आणि बाहेरची कामे यांना मुभा असू नये, असा टिळकांचा आग्रह होता. जेझुइट धर्मसेवकांची निःस्वार्थ शिस्त हा त्यांच्यापुढील आदर्श होता. तो मान्य होईना, तेव्हा 1890 साली ते सोसायटीतून बाहेर पडले. कोण बरोबर आणि कोण चूक याचा निवाडा येथे करावयाचा नाही. एवढेच ध्यानात घ्यावे, की त्या पिढीतील श्रेष्ठ पुरुषांना सेवेची कलमे ही भांडण करण्याइतकी गंभीर बाब वाटत होती. कॅथलिक शिस्तीचे जे तत्त्व टिळकांना पुण्यात रुजवावेसे वाटले, त्याच्याच कुळातील एक नियम आज कोरमंगल्यातील वैद्यकीय विद्यार्थ्यांना लागू आहे, हा योगायोग मोठा मनोवेधक आहे.

त्याच फर्ग्युसनमध्ये 1891 साली धोंडो केशव कर्वे गणिताचे अध्यापक म्हणून रुजू झाले. आपल्या तुटपुंज्या प्राप्तीतील ठराविक अंश लोककार्यासाठी बाजूस काढावयाचा, ही सवय त्यांनी त्यापूर्वीच स्वतःस लावून घेतली होती आणि मुरूड या आपल्या गावासाठी फंडही उभारला होता. नात्यातील रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे या बुद्धिमान मुलाचे शिक्षण त्यांनी आपल्या छत्राखाली करविले. तोच मुलगा 1899 साली केंब्रिजचा सीनिअर रँग्लर झाला आणि सरकारी मानमरातब सहज हाती येण्याजोगे असतानाही दिलेल्या शब्दाप्रमाणे फर्ग्युसनला परतून 1902 साली तेथील प्राचार्य झाला. परांजपे पुढे लखनौ विद्यापीठाचे आणि नंतर पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांच्या कुलगुरुपदाची पायाभरणी कर्व्यांच्या बिऱ्हाडातील काटकसरीच्या जमाखर्चात झाली होती, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती होणार नाही. स्वतः कर्वे विधवांच्या आश्रमासाठी हिंगण्याच्या माळावर झोपडी उभारल्यानंतरही फर्ग्युसनमधील तास चुकवीत नसत; पुणे ते हिंगणे ही चिखलातली, काट्याकुट्यातली वाट ते नित्य पायी तुडवीत. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या आवारातील माणसांशी कसे वागावे, यावर त्यांनी व्याख्याने झोडली नाहीत. शिकवून थकल्यावर ते मुलींच्या भाजीपाल्याचे ओझे घेऊन आश्रमाकडे निघत.

सातारा जिल्ह्यात याच विचाराला निराळी धार आली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 साली साताऱ्यात वसतिगृह उघडले. तेथे मराठा, महार, जैन, मुसलमान अशा सर्व जातिधर्मांची मुले एका पंगतीत जेवू लागली. पाणी भरणे, दळण-कांडण, स्वयंपाक, शेतीतील कष्ट ही सारी कामे पाळीपाळीने मुलांकडेच असत, आणि वसतिगृहातील कोठीत धान्य संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिनेच नव्हे, तर मंगळसूत्रही मोडून मुलांच्या तोंडी घास घातला. 1947 साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघाले, तेव्हा ‘कमवा आणि शिका’ हा त्याचा कणाच होता. याच छायेत वाढलेले एक विद्यार्थी बॅरिस्टर पी. जी. पाटील विलायतेहून परतले ते वकिलीच्या मागे न लागता संस्थेच्या सेवेत आले आणि कालांतराने शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. ज्याने वसतिगृहात पाळीने भांडी घासली, तो कुलगुरूच्या खुर्चीवर बसल्यावर विद्यार्थ्याकडे फीच्या पावतीवरील अनुक्रमांक म्हणून पाहू शकत नाही. हा मुद्दा वाचकाने पुढील प्रकरणांत सतत जवळ बाळगावा.

व्यक्तिगत उदाहरणांकडून देशव्यापी धोरणाकडे वळताना एका मराठी विद्वानाचेच नाव पुढे येते. चिंतामणराव देशमुख हे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, त्यानंतर केंद्रीय अर्थमंत्री, आणि मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडल्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. 1959 साली राष्ट्रीय सेवेचा विचार करण्यासाठी जी समिती नेमण्यात आली, तिचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. शालेय शिक्षण संपवून महाविद्यालयात जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यासाठी नऊ महिने ते एक वर्ष एवढ्या मुदतीची राष्ट्रीय सेवा सक्तीची असावी, अशी शिफारस या समितीने केली. देशाच्या तिजोरीच्या किल्ल्या ज्याने सांभाळल्या होत्या, त्याला या योजनेस किती पैसा लागेल याचा अंदाज नव्हता, असे कोण म्हणेल? तरीही त्यांनी सक्तीची शिफारस केली. खर्च आणि अंमलबजावणीच्या अडचणी पुढे करून ती बासनात गुंडाळली गेली, आणि पुढे देशमुख स्वतः 1962 साली दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले तेव्हाही ती तशीच पडून होती.

त्यानंतर दुसरा मार्ग काढण्यात आला. कोठारी आयोगाने शिक्षणाच्या सर्व पायऱ्यांवर समाजसेवेची जोड असावी असे सुचविले, 1967 साली कुलगुरूंच्या परिषदेने या कल्पनेचे स्वागत केले, आणि गांधीजन्मशताब्दीच्या वर्षी, 24 सप्टेंबर 1969 रोजी, केंद्रीय शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी 37 विद्यापीठांतील 40,000 विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजनेचा प्रारंभ केला. राव हेही दिल्ली विद्यापीठाचे माजी कुलगुरू होते. पुढे 1972 साली त्यांनी बंगळुरात सामाजिक व आर्थिक परिवर्तनाच्या अभ्यासाची जी संस्था स्थापिली, ती आजही नागरभावी येथे काम करीत आहे. सक्तीऐवजी स्वेच्छा, नऊ महिन्यांऐवजी वर्षाला 120 तास आणि सात दिवसांचे एक शिबिर, असे या योजनेचे स्वरूप ठरले. तिने लक्षावधी मुलांना खेड्याचे तोंड दाखविले, पूरग्रस्तांसाठी हात दिला, रक्तदानाची चळवळ घरोघर नेली. हे उपकार नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण तास मोजून घेण्याची वेळ आली की कागदी घोडे नाचू लागतात, हेही तितकेच खरे. शिबिराच्या शेवटच्या दिवशी सरपंचांच्या हस्ते प्रमाणपत्रे वाटली जातात, मुले बसमध्ये बसून गाणी म्हणत परत येतात, आणि गावातील गटार पुढच्या पावसाळ्यात पूर्ववत तुंबते. याचा दोष मुलांच्या भावनेत शोधू नये. सात दिवसांचे ते शिबिर आणि उरलेले तीनशे अठ्ठावन्न दिवसांचे आवारातील जीवन यांचा परस्परांशी काही संबंधच ठेवलेला नाही, यात तो आहे.

हा संबंध ठेवला तर काय घडते, हे पाहावयास पुन्हा कोरमंगल्याकडे यावे लागते. सेंट जॉन्समध्ये शवविच्छेदनाच्या मेजाशी उभा राहणारा नवा विद्यार्थी थोड्याच अवधीत खेड्यातही नेला जातो. अनेकल तालुक्यातील मुगळूर येथे संस्थेचे ग्रामीण आरोग्यकेंद्र आहे. तेथे विद्यार्थी गावकऱ्यांच्या ओट्यावर बसून पाणी कोठून येते, बाळंतपण कोठे होते, घरात कोण कमावते, कर्ज कोणाचे आहे, हे विचारतो. त्याची कानडी अपुरी असते, तेव्हा घरातील म्हातारी हसते आणि शाळकरी नात दुभाष्याचे काम पत्करते. रोगाचे नाव पाठ होण्यापूर्वी रोग्याचे घर पाहिलेले असणे, हा या शिक्षणाचा क्रम आहे. 1973 साली तेव्हाच्या कोलार जिल्ह्यातील मल्लूर गावी याच महाविद्यालयाने एक वेगळा प्रयोग केला. तेथील दूध उत्पादकांच्या सहकारी संस्थेशी हात मिळवून आरोग्याची सहकारी व्यवस्था उभारण्यात आली. शेतकऱ्यांनी दुधाच्या हिशेबातून आपला वाटा काढून दवाखान्याचा खर्च उचलावयाचा आणि महाविद्यालयाने वैद्यकीय बाजू सांभाळावयाची, अशी ती वाटणी होती. या व्यवस्थेत गावकरी हा दानाचा याचक राहत नाही, तो भागीदार होतो, आणि भागीदाराला डॉक्टर वेळेवर का आला नाही असे विचारण्याचा हक्क असतो. समाजसेवेच्या पुष्कळशा उपक्रमांत नेमका हाच हक्क कोणी कोणाला देत नाही.

आपल्या वर्ध्याजवळील सेवाग्रामचे उदाहरण याला समांतर आहे. डॉ. सुशीला नायर यांनी 1969 साली तेथे महात्मा गांधींच्या नावाने वैद्यकीय महाविद्यालय सुरू केले. प्रवेश मिळताच विद्यार्थ्याला प्रथम वर्गात न बसविता पंधरवडाभर गांधीजींच्या आश्रमात राहावयास पाठवितात. पहाटेची प्रार्थना, सूतकताई, अंगण झाडणे, आपले ताट आपण घासणे, खादी घालणे, असा तो दिनक्रम असतो. चकचकीत शहरी शाळेतून आलेली मुलगी चरख्याचा धागा दहादा तोडते आणि अकराव्यांदा तो टिकला म्हणजे शेजारणीला हाक मारून दाखविते. पुढे प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, प्रत्येक विद्यार्थ्याकडे काही कुटुंबे सोपविली जातात, आणि शिक्षण संपेपर्यंत त्या कुटुंबांच्या आरोग्याची विचारपूस त्याने करावयाची असते. अशा संस्कारांतून बाहेर पडलेला प्रत्येक डॉक्टर खेड्यातच राहतो, असा दावा कोणी करणार नाही. पुष्कळजण शहरात जातात, परदेशीही जातात. परंतु वेल्लूरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या रजनीकांत व मेबल आरोळे या दांपत्याने 1970 साली जामखेडला येऊन निरक्षर स्त्रियांना आरोग्यसेविका बनविले, यासारखे जे अपवाद निर्माण होतात, ते अशाच आवारांतून निर्माण होतात. आडात नसेल, तर पोहऱ्यात कोठून येणार?

या विचारावर घेतले जाणारे आक्षेप दुर्लक्षण्याजोगे नाहीत. सक्तीने करविलेली सेवा ही वेठबिगारी होय, करारनाम्यातील दंडाची रक्कम भरून धनिकाचा मुलगा सुटतो आणि गरिबाचा तेवढा अडकतो, असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे पुष्कळ अंशी सत्य आहे. म्हणूनच नियमाला दोन अटींची जोड हवी. पहिली अशी, की तो नियम वरपासून लागू असावा. ज्या आवारात कुलगुरूंची मोटार थेट पायरीशी लागते, प्राध्यापकांचे जेवण निराळ्या दालनात मांडले जाते आणि श्रमदानाचा फावडा तेवढा विद्यार्थ्यांच्या हाती दिला जातो, तेथे नियमातून संस्कार न होता द्वेषच उपजतो. दुसरी अट अशी, की सेवेची सुरुवात दूरच्या खेड्यापूर्वी आवाराच्या भिंतीपासून व्हावी. कोरमंगल्यातच उंच काचेच्या इमारतींपासून हाकेच्या अंतरावर राजेंद्रनगरची गरीब वस्ती आहे. तेथील कितीतरी स्त्रिया पहाटे उठून याच इमारतींतील घरे, कार्यालये आणि वसतिगृहे झाडावयास जातात. आवाराचे फाटक राखणारा पहारेकरी, भोजनगृहात पोळ्या लाटणारी बाई, प्रयोगशाळेतील काचेची भांडी धुणारा पोऱ्या, यांची मुले कोणत्या शाळेत जातात हे ज्या विद्यापीठाला ठाऊक नाही, त्याने दत्तक गावाचा फलक लावण्याची घाई करू नये.

देणगीचे मोल या सर्वांत कमी लेखावयाचे नाही. शेठ विठ्ठलदास ठाकरसी यांनी 1920 साली कर्व्यांनी उभारलेल्या महिला विद्यापीठाला पंधरा लाख रुपये देऊ केले नसते, तर कर्व्यांची तपश्चर्या कदाचित हिंगण्यापुरतीच राहिली असती. पण ठाकरसींनी पैसा दिला तो आधीच चालू असलेल्या, पायी तुडविलेल्या वाटेवरच्या कामाला. आज माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात कोणी कोट्यवधी रुपये देऊन सभागृहाला आपल्या मातोश्रींचे नाव देतो, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र त्या सभागृहात बसणाऱ्या मुलाला तीन वर्षांत एकदाही आपले ताट आपण धुवावे लागले नसेल, तर तो मुलगा पुढे दुसरे सभागृह बांधील, एवढीच आशा बाळगता येते.

पुढील प्रकरणे वाचताना वाचकाने कुलगुरूंच्या आणि प्राचार्यांच्या उद्गारांपेक्षा त्यांच्या नियमावल्यांकडे अधिक लक्ष द्यावे, अशी माझी विनंती आहे. भोजनगृहात कोण कोणाशेजारी बसते, भांडी कोण घासते, पदवीनंतरची मुदत कोठे आणि कोणाच्या देखरेखीखाली भरावी लागते, आणि ज्या गावात ती भरली जाते त्या गावाला तक्रार करण्याचा हक्क आहे किंवा नाही, या साध्या प्रश्नांची उत्तरे जेथे लेखी आणि स्पष्ट मिळतील, ती संस्था समाजाला काही परत देते असे समजावे. आणि जे वाचक आज स्वतः एखाद्या शिक्षणसंस्थेचा कारभार पाहत असतील, त्यांना एवढेच सांगणे आहे, की पुढच्या दीक्षान्त समारंभाचे भाषण तयार करण्यापूर्वी आपल्या वसतिगृहाची नियमावली एकदा मागवून घ्यावी, तीत एक कलम वाढवावे, आणि त्या कलमाची बजावणी स्वतःपासून सुरू करावी.